‘लोक मत कशावर देतात?’ पूर्वग्रह, बातम्या आणि मतदान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शाळामास्तर होतो. नोकरीत असताना बऱ्याच निवडणुकांत मतदान केंद्राध्यक्ष म्हणून ड्युटी केली. निवृत्तीनंतर कॉलेजांत, सोसायट्यांत आणि बचत गटांच्या बैठकांत मतदानाविषयी बोलायला जातो. बोलणं संपतं, पण प्रश्न नंतर महिनाभर व्हॉट्सअ‍ॅपवर येत राहतात आणि बहुतेक तेच असतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. आलेल्या जवळपास सगळ्या प्रश्नांचा कर्ता ‘लोक’ आहे. ‘मी’ असलेला प्रश्न क्वचितच येतो. (अपवाद : प्रश्न १, ५ आणि १६. प्रश्न १५ तर मलाच विचारलेला आहे.)

१. पूर्वग्रह म्हणजे नेमकं काय? मी तीस वर्षं एकाच पक्षाला मत देतो, हा पूर्वग्रह झाला का?

लगेच झाला असं नाही. तीस वर्षांत त्या पक्षाचं काम बघून, तुलना करून तुम्ही टिकून असाल, तर त्याला मत बनवणं म्हणतात. पूर्वग्रहात निकाल आधी लागलेला असतो आणि पुरावा नंतर गोळा होतो. ओळखायची सोपी खूण सांगतो. आपल्या पक्षाच्या नेत्यानं पक्ष बदलला की ‘परिस्थिती समजून घ्या’ आणि समोरच्यानं बदलला की ‘गद्दार’, असं तोंडातून आपोआप निघत असेल तर थोडं थांबा. महाराष्ट्रात २०१९ पासून पुढची पाच वर्षं हा सराव करायला सगळ्यांनाच भरपूर संधी मिळाली.

२. शेवटी सगळे जात बघूनच मत देतात, हे खरं आहे ना?

सगळे नाही, आणि प्रत्येक वेळी एकाच कारणानं नाही. तिकीटवाटपात पक्ष जात बघतात हे उघड आहे. पण मग होतं असं की एकाच मतदारसंघात तिन्ही मोठे उमेदवार एकाच समाजाचे असतात. तिथे त्या समाजाचा मतदार जातीवर निवड करणार तरी कशी? त्याला दुसरं काहीतरी बघावंच लागतं : तालुका, कारखाना, पाणी, जुनं भांडण.

राखीव मतदारसंघात चित्र आणखी बदलतं. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ पैकी २९ जागा अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. उमेदवार त्या प्रवर्गातला असतो, मत मात्र सगळे देतात. अनुसूचित जातींच्या राखीव जागांवर तर निकाल बहुतेकदा त्या प्रवर्गाबाहेरचे मतदार ठरवतात.

आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण शहरी सोसायट्यांत ती कुणाला पटत नाही. ज्याला तहसील कचेरीत कुणी खुर्ची देत नाही, त्यानं ‘आपला माणूस असेल तर निदान आत तरी घेतील’ असा विचार करून मत दिलं, तर त्याला मी पूर्वग्रह म्हणत नाही. तो हिशोब आहे. ‘त्या समाजाचा आमदार नको’ म्हणून दिलेलं मत हा पूर्वग्रह. बाहेरून दोन्ही ‘जातीवर मतदान’ म्हणूनच मोजली जातात.

३. ‘आमच्या मतदारसंघात अमुक समाजाची दीड लाख मतं आहेत’ हा आकडा येतो कुठून?

चहाच्या टपरीवरून. गंमत बाजूला ठेवली तरी उत्तर फार बदलत नाही. मतदार यादीत जातीचा रकाना नसतो. मतदान यंत्र जात नोंदवत नाही. सगळ्या जातींची संपूर्ण मोजणी प्रसिद्ध झाली ती १९३१ च्या जनगणनेत, आणि तेव्हा आजचे मतदारसंघ अस्तित्वातच नव्हते. कार्यकर्ते आडनावांवरून अंदाज बांधतात, पत्रकार कार्यकर्त्यांना विचारतात आणि दुसऱ्या दिवशी तो आकडा छापून येतो. पुढच्या निवडणुकीत कार्यकर्ते त्याच बातमीचा दाखला देतात. आमच्या जिल्ह्यातल्या एका मतदारसंघातल्या सगळ्या समाजांचे छापून आलेले आकडे मी एकदा बेरजेला घेतले. बेरीज एकूण मतदारांपेक्षा जास्त झाली.

४. टीव्ही आणि पेपर वाचून लोकांचं मत बदलतं का?

मत बदलण्यापेक्षा विषय बदलतो. अमेरिकेत १९६८ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी मॅक्सवेल मॅकॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या दोन अभ्यासकांनी चॅपल हिल गावात १०० अनिश्चित मतदारांना विचारलं की तुमच्या मते महत्त्वाचे प्रश्न कोणते. मग स्थानिक लोकांपर्यंत पोचणाऱ्या बातम्या मोजल्या. बातम्यांनी ज्या विषयांना जास्त जागा दिली, तेच विषय जवळपास त्याच क्रमानं मतदारांच्या यादीत होते. कुणाला मत द्या हे बातमी सांगत नाही. कशाच्या आधारावर द्या, हे मात्र ती नकळत ठरवून टाकते.

याची दुसरी बाजूही आहे. माणसाच्या अनुभवाला थेट भिडणारा विषय असेल तर टीव्हीचं फार चालत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली आणि ती उठली मे २०२४ मध्ये, लोकसभेच्या ऐन प्रचारात. त्या काळात स्टुडिओंमधली चर्चा कोणता गट खरा आणि कोणता खोटा याभोवती फिरत होती. लासलगावच्या बाजारात कुणीही भावाशिवाय दुसरं बोलत नव्हतं. त्याच कांदापट्ट्यातल्या दिंडोरीत विद्यमान केंद्रीय राज्यमंत्री पडल्या.

आणखी जुना, १९४० सालचा एक अभ्यास आहे. ओहायोतल्या एरी काउंटीत पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रचारभर तेच मतदार पुन्हा पुन्हा गाठले. प्रचारामुळे पक्ष बदललेले फार थोडे निघाले. बहुतेकांचं आधीचंच मत पक्कं झालं होतं. शिवाय रेडिओपेक्षा ओळखीच्या, जाणत्या माणसाचं बोलणं जास्त चाललं. आपल्याकडे पारावर पेपर मोठ्यानं वाचणारे एक आण्णा असतात, त्यांचंच हे काम.

५. फॉरवर्ड वाचून कोणी खरंच मत बदलतं का? मी तर वाचून सोडून देतो.

हेच वाक्य मला शेकडो जणांनी लिहून पाठवलं आहे, आणि प्रत्येकानं पुढे जोडलं आहे : ‘पण बाकीचे लोक फसतात.’ अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन यांनी १९८३ मध्ये या सवयीला नावच दिलं, ‘तिसऱ्या माणसावरचा परिणाम’. प्रचाराचा परिणाम माझ्यावर होत नाही, तुमच्यावर थोडा होतो, ‘त्यांच्यावर’ मात्र भरपूर होतो, असं जवळजवळ सगळ्यांनाच वाटतं.

आणि वाचून सोडून दिलेलं पूर्ण सुटत नाही. १९७७ मध्ये झालेल्या एका साध्या प्रयोगात लोकांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं काही विधानं ऐकवली. पुन्हा पुन्हा ऐकलेली विधानं लोकांना जास्त खरी वाटू लागली, मग ती खरी असोत वा खोटी. चार ग्रुपवर चार वेळा आलेली गोष्ट ‘कुठेतरी वाचलंय बुवा’ अशी डोक्यात बसते. कुठे वाचली ते विसरतं, गोष्ट राहते.

अफवेचं टोक महाराष्ट्रानं पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून जमावानं पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. ती घटना निवडणुकीतली नव्हती. पण ‘बाहेरून आलेले’ या दोन शब्दांवर विश्वास ठेवायची जी तयारी त्या दिवशी दिसली, तीच प्रचारातही वापरली जाते.

करण्यासारखं एकच सांगतो. संदेशावर दोन बाणांची खूण दिसली, तर तो बऱ्याच हातांतून फिरून आलेला आहे. पाठवणारा काका ओळखीचा असला तरी लिहिणारा ओळखीचा नाही.

६. पोल बघून लोक जिंकणाऱ्याच्या मागे जातात का?

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. जनमत चाचणी मतदानाआधी होते. एक्झिट पोल मतदान करून बाहेर पडलेल्यांना विचारून केला जातो, आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६-अ नुसार शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास झाल्याशिवाय तो दाखवता येत नाही. म्हणजे एक्झिट पोलमुळे त्या निवडणुकीतलं कुणाचं मत बदलू शकत नाही. घरात भांडणं तेवढी होतात.

जनमत चाचणीचा आणि ‘हवेचा’ परिणाम होतो, पण तो मेंढरासारखाच असतो असं नाही. आपल्याकडे सर्वांत जास्त मतं मिळवणारा एकच निवडून येतो. ‘मत वाया घालवायचं नाही’ म्हणून मतदार पहिल्या दोघांपैकी कमी नकोसा निवडतो, हा विचारपूर्वक केलेला व्यवहार आहे. अडचण तेव्हा येते जेव्हा पहिले दोन कोण हेच चुकीचं सांगितलेलं असतं.

आणि चुकतं, बरंच चुकतं. २००४ मध्ये सत्ताधारी आघाडी परत येणार असं बहुतेकांनी सांगितलं होतं, ती हरली. २०२४ मध्ये अनेक एक्झिट पोलनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या वर जागा दिल्या, मिळाल्या २९३. लोक खरं सांगत नाहीत हे त्यामागचं एक कारण. म्हणूनच ‘लोकनीती’सारख्या संस्था मतदारापुढे नकली मतपत्रिका आणि पेटी ठेवतात, म्हणजे तोंडानं नाव घ्यावं लागत नाही.

७. पैसे देऊन छापलेली बातमी ओळखायची कशी?

त्या बातमीत कुणीच प्रश्न विचारत नाही. बातमीदाराचं नाव नसतं, विरोधकाचा उल्लेख नसतो, गर्दी ‘अभूतपूर्व’ असते आणि विजय ‘निश्चित’. सर्वांत पक्की खूण म्हणजे तोच मजकूर, त्याच शब्दांत, दुसऱ्या पेपरातही असणं. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत नेमकं हेच उघडकीला आलं आणि देशभर ‘पेड न्यूज’ हा शब्द घरोघरी गेला. प्रेस कौन्सिलनं नेमलेल्या उपसमितीनं २०१० मध्ये नावानिशी अहवाल दिला. तो आधी दाबून ठेवला गेला.

शिक्षा होतच नाही असं नाही. उत्तर प्रदेशातल्या आमदार उमलेश यादव यांना अशा मजकुराचा खर्च हिशोबात दाखवला नाही म्हणून निवडणूक आयोगानं २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. तुम्हाला संशय आला तर जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडे कात्रणासह तक्रार करता येते. तक्रार खरी ठरली की तो खर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जातो.

८. चेहरा बघून मत देणारे खरंच असतात का?

असतात, आणि आपण त्यात असू शकतो. अलेक्झांडर टोडोरोव्ह आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये लोकांना अमेरिकी उमेदवारांचे अनोळखी चेहरे काही क्षण दाखवले आणि ‘यातला जास्त सक्षम कोण वाटतो’ एवढंच विचारलं. सिनेटच्या सुमारे ७० टक्के लढतींत त्यांनी बोट ठेवलेला चेहराच जिंकलेला होता. पुढे स्वित्झर्लंडमध्ये लहान मुलांना फ्रान्समधल्या उमेदवारांचे फोटो दाखवून विचारलं, बोटीचा कप्तान कोणाला कराल? मुलांचे अंदाजही तितकेच जुळले.

आपल्याकडे २०१५ पासून मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटो असतो. तो चेहऱ्यावरून मत द्यावं म्हणून आणलेला नाही. तो का आणला, हे पुढच्या उत्तरात.

९. ‘तुतारी’ आणि ‘पिपाणी’मध्ये घोळ झाला तो अडाणीपणा का?

अडाणीपणा म्हणणं हाच मोठा पूर्वग्रह आहे. २०२४ मध्ये एका पक्षाचं चिन्ह होतं ‘तुतारी वाजवणारा माणूस’. प्रचारात, बातम्यांत आणि गाण्यांत सगळीकडे नुसतं ‘तुतारी’ झालं. आणि अपक्षांना मिळणाऱ्या चिन्हांत एक वाद्य होतं, ज्याचं मराठी नावही यादीत ‘तुतारी’च होतं. लोक त्याला पिपाणी म्हणायला लागले ते नंतर. साताऱ्यात पक्षाचा उमेदवार ३२,७७१ मतांनी हरला, आणि पिपाणीवाल्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. दिंडोरीत पिपाणी मिळालेल्या अपक्षाचं आडनावही पक्षाच्या उमेदवारासारखं भगरेच होतं. त्याला लाखाहून जास्त मतं गेली, तरी मूळ उमेदवार निवडून आला.

नावाचा घोळ त्याहून जुना आहे. रायगडमध्ये २०१४ ला सुनील तटकरे २,११० मतांनी हरले. त्याच नावाच्या अपक्षाला ९,८४९ मतं होती. यातली सगळी मतं चुकूनच गेली असं सिद्ध करता येत नाही. पण अशी नावं काढून उभी करणारे काय समजून करतात, ते स्पष्ट आहे. फोटो आणला तो यासाठीच. माझ्या केंद्रावर डोळ्यांनी अधू बाई यायच्या आणि विचारायच्या, “सर, वरून कितवं?” त्या शिकलेल्याच होत्या, फक्त यंत्रावरचं अक्षर बारीक असायचं.

१०. बायका नवरा सांगेल तिथेच बटण दाबतात. मग त्यांचं मत वेगळं कसं धरायचं?

हा प्रश्न पाठवणारे सगळे पुरुष असतात. बचत गटाच्या बैठकीत मी तो एकदा वाचून दाखवला. हशा थांबायला वेळ लागला. एक ताई म्हणाल्या, “त्यांना तसंच वाटू द्या.”

याचंच दुसरं रूप म्हणजे ‘पंधराशे रुपयांत विकल्या गेल्या’. लाडकी बहीण योजना जुलै २०२४ मध्ये सुरू झाली, निवडणूक नोव्हेंबरात. वेळ साधली होती हे उघड आहे आणि त्यावर टीका व्हायलाच हवी. पण कर्जमाफी मिळालेल्या शेतकऱ्यानं सरकारला मत दिलं तर ती ‘कृतज्ञता’, वेतन आयोग मिळालेल्या आम्हा मास्तरांनी दिलं तर तो ‘हक्क’, आणि बाईनं दिलं तर ती ‘विकली गेली’, हे मला पटत नाही.

११. महिला राखीव वॉर्ड निघाला की कारभार नवराच करतो. मग उपयोग काय?

‘सरपंचपती’ खरे आहेत, आणि काही ठिकाणी तर सहीसुद्धा तेच करतात. पण पुढे काय होतं तेही बघा. राज्यशास्त्राचे अभ्यासक रिखिल भावनानी यांनी मुंबई महापालिकेचे वॉर्ड तपासले. तिथे आरक्षण सोडतीनं निघतं, त्यामुळे तुलना चोख करता येते. आधीच्या निवडणुकीत महिलांसाठी राखीव असलेला वॉर्ड खुला झाल्यावर तिथून बाई निवडून येण्याची शक्यता, त्या निवडणुकीत राखीव नसलेल्या वॉर्डच्या सुमारे पाचपट निघाली. बाईला काम करताना एकदा पाहिलं की मतदाराचं मत हलतं, आणि तिकीट देणाऱ्याचंही.

१२. जात-धर्म काढून मत मागणं बेकायदा आहे म्हणता, मग रोज कसं चालतं?

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) नुसार ते निवडणुकीतलं ‘भ्रष्ट आचरण’च आहे. पण ते सिद्ध करायला निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करावी लागते, आणि बोलणारा उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा त्याच्या संमतीनं बोललेला माणूस होता हे दाखवावं लागतं. निनावी फॉरवर्ड इथेच निसटतो.

वेळेचं विचाराल तर दोन्ही मोठे निकाल मुंबईतलेच आहेत. विलेपार्ल्याची पोटनिवडणूक १९८७ ची, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९५ चा. त्यातूनच पुढे बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. सांताक्रूझची निवडणूक १९९० ची. त्या प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठानं चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की फक्त उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्या जाती-धर्माच्या नावानंही मत मागता येणार नाही. ते साल होतं २०१७.

१३. आमच्या वस्तीनं कुणाला मत दिलं हे उमेदवाराला कळतं का?

तुमचं एकट्याचं कळत नाही. वस्तीचं कळतं. निकालानंतर प्रत्येक केंद्रावर कुणाला किती मतं पडली त्याचा तक्ता, म्हणजे नमुना २०, जाहीर होतो. केंद्रावर हजार-बाराशे मतदार असतात, आणि बऱ्याच गावांत एक केंद्र म्हणजे एकच वाडा-वस्ती असते. अनेक केंद्रांची मतं एकत्र मोजणारं यंत्र वापरावं असं निवडणूक आयोगानं २००८ मध्ये सुचवलं होतं. ते अजून आलेलं नाही. ‘नळाला पाणी हवं ना?’ हा प्रश्न प्रचारात का चालतो, ते यावरून समजेल.

१४. पूर्वग्रह कमी करता येतो, की ही नुसतीच भाषणं?

थोडा करता येतो. उत्तर प्रदेशात २००७ च्या निवडणुकीआधी अभिजित बॅनर्जी, रोहिणी पांडे आणि सहकाऱ्यांनी काही गावांत ‘जातीवर नको, कामावर मत द्या’ असा पक्षविरहित प्रचार केला, काही गावांत केला नाही. जिथे केला तिथे जातीवरचं मतदान कमी झालं. त्याच प्रयोगात भ्रष्टाचाराविरुद्धच्या प्रचाराचा मात्र काही परिणाम दिसला नाही. का, यावर मला अजून समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही.

घरी करायचा उपाय : आचारसंहिता लागायच्या आधी तुम्हाला हव्या असलेल्या तीन गोष्टी कालनिर्णयच्या मागे लिहून ठेवा. मतदानाच्या आदल्या दिवशी काढून वाचा. माझ्या यादीत एकदा ‘बस स्टँडची मुतारी’ होती. प्रचार संपेपर्यंत मी ती साफ विसरलो होतो. उमेदवाराचं शपथपत्र, म्हणजे मालमत्ता, खटले आणि शिक्षण, आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतं. वाचायला दहा मिनिटं लागतात.

१५. सर, तुम्ही स्वतः कधी पूर्वग्रहातून मत दिलंय का?

दिलंय. नगरपालिकेच्या एका निवडणुकीत आमच्या वॉर्डात एक बाई उभ्या होत्या. सभेत त्या अडखळत बोलल्या, आणि मी मनात म्हटलं, कारभार नवराच बघणार. शपथपत्र वाचलं नाही. मत दुसऱ्याला दिलं, कारण तो छान बोलायचा. मराठीच्या मास्तराला छान बोलणाऱ्याचं वेड असतं. त्या निवडून आल्या. गटार अर्धवट सोडलं म्हणून कंत्राटदाराला भर रस्त्यात त्यांनी झापलं, तेव्हा मी गॅलरीत उभा राहून ऐकत होतो. अजिबात अडखळल्या नाहीत.

१६. आजीला दिसत नाही. तिच्यासोबत मी आत गेलो आणि तिनं मला नको असलेलं चिन्ह सांगितलं, तर?

निवडणूक घेण्याच्या नियमांतल्या ४९-न नुसार दृष्टिहीन किंवा अपंग मतदाराला अठरा वर्षांवरचा सोबती नेता येतो. एका दिवसात एकाच मतदाराचा सोबती होता येतं, त्यामुळे आजी झाल्यावर आजोबांसाठी दुसरं कुणीतरी न्या. केंद्राध्यक्ष स्वतः कुणाचं बटण दाबू शकत नाही. मला कैक आज्यांनी तसं सांगितलं आणि कैक नातवंडं त्यावरून रागावली.

चिन्हाचं म्हणाल तर आजीनं सांगितलेलंच बटण दाबायचं. बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं तरी सांगायचं नाही. आत जाण्याआधी तुम्ही ज्या कागदावर सही करता, त्यात तसंच लिहिलेलं असतं.